आईचा डिनर सेट ठेवू, वाटू की देऊन टाकू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आई मार्चमध्ये गेल्या, डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, घर रिकामं करायला तीन महिने आहेत, आणि कपाटात तुमच्या आजोबांनी बोटीवरच्या नोकरीत असताना आणलेला बारा माणसांचा जपानी डिनर सेट आहे. ऐंशीच्या वर नग, शिवाय सुट्या कपबश्या, तोटी फुटलेली एक किटली आणि दोन लोणच्याच्या बरण्या. भाऊ कॅनडातून म्हणतो तुला हवं ते कर, मुलगी म्हणते मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही तर घेऊन करू काय. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की एकेक बशी पेपरात गुंडाळताना आईलाच घराबाहेर काढतेय असं वाटतं.

मी गेली अठरा वर्षं हेच काम करते, पुण्या-मुंबईत आईवडिलांची घरं आवरून द्यायचं. त्याआधी चिनीमातीची भांडी दुरुस्त करायला शिकले होते, त्यामुळे लोक मला मुद्दाम क्रोकरीसाठी बोलावतात. आणि इतक्या वर्षांत बघितलंय की साड्या वाटल्या जातात, दागिन्यांचं काहीतरी ठरतं, पुस्तकं कुणीतरी नेतं, पण चिनीमातीपाशी येऊन माणसं थांबतात. याला कारण आहे. आपल्याकडे तांब्यापितळेला मोड येते. आजीचा हंडा कुणाला नको असेल तर तो वजनावर जातो, मोडीत घालून नवीन काहीतरी घेता येतं, म्हणजे वस्तू गेली तरी तिचं मोल घरातच राहिलं असं मनाला सांगता येतं. चिनीमातीला मोड नाही. बोहारीण ती घेत नाही, भंगारवाला तर हातही लावत नाही. त्या बशीची किंमत जी काय आहे ती फक्त तुमच्या आईच्या हातात होती, आणि आता तो हात नाही, म्हणून ती बशी सोडणं इतकं जड जातं. तुम्ही हळव्या आहात म्हणून हे होत नाहीये, सगळ्यांना होतं.

आता माझं पहिलं सांगणं, पॅकिंग थांबवा. गुंडाळलेल्या दोन ताटल्या, दोन बाऊल आणि एक कपबशी परत काढा, आजच, आणि पंधरा दिवस रोजचं जेवण त्यातच जेवा. साधा वरणभात जेवा, सकाळचा चहा त्या कपात घ्या. आईच्या पश्चात तुम्ही तो सेट फक्त कपाटात बघितलाय, आणि काचेमागच्या वस्तूला आपण देव करून ठेवतो. पंधरा दिवस वापरल्यावर कळतं की हातात कुठला नग बसतो, कुठल्या बशीला बघून खरंच काहीतरी हलतं आणि कुठल्या सत्तर नगांशी तुमचं काहीच नातं नाही. मी हे ज्यांना ज्यांना करायला लावलं त्यातल्या बहुतेकांनी नंतर स्वतःहून सांगितलं, मला एवढंच हवंय.

कारण खरी गोष्ट अशी आहे, आणि मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हेच, की तो सेट तुमच्या घरात कधी सेट नव्हताच. सेट दुकानात असतो. घरात आला की त्याची सुटी भांडी होतात. जरा आठवून बघा, सूप प्लेटमध्ये तुमच्याकडे कधी सूप होतं का? मी पाहिलेल्या बहुतेक मराठी घरांत सूप प्लेटमधून श्रीखंड नाहीतर खीर खाल्लीये, ग्रेव्ही बोटीत, म्हणजे रस्सा वाढायच्या लांबट भांड्यात, कढवलेलं तूप किंवा दह्याची कोशिंबीर, झाकणाच्या मोठ्या ट्युरीनमध्ये मसालेभात, आणि त्या लांबट प्लॅटरवर दिवाळीत चकल्या-करंज्या. एका घरी तर त्या ट्युरीनमध्ये तीस वर्षं साबुदाणा भिजत होता, आणि दोघी बहिणी पूर्ण सेटसाठी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, शेवटी बसून बोलल्यावर कळलं की दोघींनाही फक्त ते साबुदाण्याचं भांडं हवं होतं! तेव्हा बाकीच्या सेटवरून भांडण करण्यात काही अर्थ राहिला नाही, एकीने भांडं घेतलं आणि दुसरीने त्याचं झाकण, हो खरंच, ती त्यात किल्ल्या ठेवते.

म्हणून सेट मोडा. मोडा म्हणजे फोडा नाही, सुटा करा. लोकांना वाटतं की पूर्ण ठेवला तरच मान राहील, एक नग कमी झाला तर अपमान. पण बारा ताटल्यांमधल्या आत्ता किती उरल्यात ते मोजा. बहुतेक नऊ किंवा दहा निघतील, आणि दोन-तीन कपांना कान नसेल. म्हणजे तुमच्या आईने आणि आजीने तो केव्हाच मोडलाय, वापरून.

थोडं मागे जाऊन बघितलं तरी हे पटतं. आपल्या हिंदू घरांत चिनीमाती काही फार जुनी नाही. धातूचं भांडं राख-चिंचेने घासून शुद्ध होतं, मातीचं एकदा उष्टं झालं की झालं, म्हणून सोवळ्याच्या स्वयंपाकघरात कपबशीला जागा नव्हती, लोणच्याची बरणी तेवढी होती. १८९० साली पुण्यात ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये जाऊन चहा घेतला म्हणून टिळक आणि रानड्यांसकट बऱ्याच मोठ्या माणसांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं प्रकरण. एका चहावरून! मुंबईतल्या पारशी घरांत चीनच्या व्यापारामुळे आधीपासून पोर्सेलिन, म्हणजे उंची पातळ चिनीमाती, होतं, गोव्यातल्या मोठ्या घरांत मकावमार्गे आलेलं होतं, चांदोरच्या ब्रागांझा घरात आजही बघायला मिळतं, पण आपल्या साध्या मध्यमवर्गीय फडताळात ते आलं ते आजी-पणजीच्या पिढीत. म्हणजे ज्या आजीने पहिल्यांदा कपबशी घरात घेतली, तिने तिच्या सासूचं काहीतरी बाजूला सारूनच घेतली असणार. घरं अशीच चालतात, एक वस्तू आत येते, एक बाहेर जाते.

आणि तो सेट इतका जपला का गेला त्याचंही कारण सांगते. १९५० च्या दशकाच्या शेवटाला परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर कडक बंधनं आली, पुढे जवळजवळ १९९० पर्यंत बाहेरची वस्तू म्हणजे अप्रूप. बोटीवर असणारा, आखातात असणारा कुणीतरी आणेल तेव्हाच. फुटली तर दुसरी मिळणार नाही या भीतीने आपल्या आया तो सेट वर्षातून चारदा काढायच्या, साहेब जेवायला आले तर, जावई पहिल्यांदा आला तर. ती भीती तुमच्याकडे वारशाने आलीये, सेटबरोबर. आता त्या भीतीचं कारण संपलंय.

तुमचा सेट नक्की काय आहे ते बघून घ्या, ते सोपं आहे. ताटली उलटी करा. तुम्ही लिहिलंय की शिक्क्यात पानांच्या माळेत इंग्रजी एन आहे आणि खाली नोरिताके, जपान. ही कंपनी १९०४ साली नागोयाजवळ सुरू झाली, आधी त्या माळेत मोरिमुरा या संस्थापक घराण्याचा एम असायचा, एन साधारण १९५३ पासून आला, म्हणजे तुमचा सेट त्यानंतरचा, आजोबांच्या नोकरीच्या वर्षांशी जुळतंय. शिक्क्याजवळ नंबर किंवा नाव असेल तर तो डिझाइनचा, त्याचा फोटो काढून ठेवा. १९७० नंतरचे बरेच नग श्रीलंकेतल्या कारखान्यातले असतात, त्यावर तसं लिहिलेलं असतं. मग ताटली खिडकीपाशी उजेडात धरून मागे बोटं हलवा, बोटांची सावली दिसली तर पोर्सेलिन किंवा बोन चायना. बोन चायनात खरंच हाडांची राख असते, जवळपास निम्मी, म्हणून काही घरांना ते चालत नाही, कुणाला देताना हे सांगून द्या, शाकाहारी माणसाला नंतर कळलं की वाईट वाटतं. सुट्या कपबश्यांमध्ये ला ओपालाचं काही असेल तर ती चिनीमाती नाहीच, ती ओपल काच आहे, १९८७ नंतरची, तिच्यावर जास्त विचार करू नका, बिनधास्त वापरा. बंगाल पॉटरीजचा शिक्का असलेले जाड कप निघाले तर मात्र मला आवडतात ते, कोलकात्याचे, आता बनत नाहीत, एखादा तरी ठेवा.

विकण्याबद्दल विचारलंय तर स्पष्ट सांगते. पैसे फार मिळणार नाहीत. तुमच्या सेटची काही चूक नाही. सोनेरी काठ मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या टाकतो, डिशवॉशरमध्ये हळूहळू उडतो, आणि बारा माणसं बसतील असं टेबलच आता कुणाकडे नसतं. मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, इथले लोक घेतात, पण त्यांना ताटल्या नको असतात, किटली, ट्युरीन, मोठा प्लॅटर असं दिसायला भारदस्त काहीतरी हवं असतं. सिनेमा-सिरियलला जुनं सामान भाड्याने देणारेही घेतात. अमेरिकेत ग्रीन्सबरो नावाच्या गावात रिप्लेसमेंट्स म्हणून एक कंपनी आहे, १९८१ पासून जुन्या सेटचे सुटे नग विकते, तिकडे इथून पाठवण्यात अर्थ नाही, पण तुमच्या डिझाइनचं नाव शोधायला त्यांच्या साइटचा उपयोग होईल. विकलंत तर त्यात पाप नाही एवढं सांगते. फक्त घाईच्या शेवटच्या दिवशी टेम्पो खाली उभा असताना विकू नका, त्या दिवशी दिलेल्या वस्तूंचाच माणसाला पुढे पस्तावा होतो.

वृद्धाश्रमाला, अनाथाश्रमाला द्यायचा विचार असेल तर आधी फोन करून विचारा. त्यांना स्टील हवं असतं. चिनीमाती जड, थरथरत्या हातातून पडते, फुटली की लागते. बळेच नेऊन दिली तर ती त्यांच्या माळ्यावर जाते, म्हणजे तुमचं ओझं त्यांच्या डोक्यावर. म्युझियमचंही तसंच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घरगुती वस्तूंचं जे प्रेम दिसतं ते बघून लोकांना वाटतं आपलंही द्यावं, पण कुठल्याही संग्रहालयाला आधी फोटो आणि वस्तूची हकिगत पाठवायची, आणि नाही म्हणाले तर मनाला लावून घ्यायचं नाही.

मग द्यायचं कुणाला? मी असं करते. आईला ओळखणाऱ्या माणसांची यादी करायला सांगते, आणि त्यातलं पहिलं नाव मी विचारते ते घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं. तुमच्याही आईंकडे वीस वर्षं कुणीतरी येत होतं, तुम्ही लिहिलंय. त्या मावशींनी हा सेट तुमच्यापेक्षा जास्त वेळा हातात धरलाय, जपून धुतलाय, बहुतेक त्यातून जेवल्या मात्र कधी नसतील. त्यांना आधी बोलवा, चहा करा, त्यांच्यासमोर सगळं मांडा आणि म्हणा मावशी तुम्हाला काय आवडतं ते घ्या, तुम्ही ठरवा. उरलेलं देऊ नका, पहिलं निवडायला द्या. एका घरी मावशींनी फक्त एक साखरेचं भांडं मागितलं, म्हणाल्या बाई मला रोज यातली साखर घालून चहा द्यायच्या. घरातल्या कुणालाही हे माहीत नव्हतं.

मग भाऊ. तो म्हणतो तुला हवं ते कर, पण लांब राहणाऱ्या माणसाला कळतच नाही काय मागावं. त्याला सेटचा फोटो पाठवू नका, एकेका नगाचा पाठवा आणि विचारा तुला यातलं काय खाल्लेलं आठवतं. तो जे सांगेल ते एकच भांडं त्याच्यासाठी ठेवा, पुढच्या फेरीला हँडबॅगेत घेऊन जाईल, चेक-इनला नाही. आईच्या मैत्रिणींना, भिशीच्या ग्रुपला एकेक कपबशी द्या. मुलीला काही देऊ नका आत्ता. ती एकोणीस वर्षांची आहे, तिच्यावर लादलं तर तिला त्याचा राग येईल. चार ताटल्या तुमच्या वापरात राहू द्या, दहा वर्षांनी तिला त्या आपल्या आईच्या ताटल्या वाटतील, तुमच्या. पणजोबांच्या म्हणून तिला नको असतील पण तुमच्या म्हणून हव्या असतील.

मी स्वतः हे उशिरा शिकले. सासूबाईंचा पूर्ण सेट, एकही नग न देता, मी चौदा वर्षं पोटमाळ्यावर ठेवला. नणंदेने एकदा दोन कप मागितले होते, मी म्हटलं सेट मोडायला नको. चौदा वर्षांनी खोका उघडला तर एकावर एक रचलेल्या ताटल्यांच्या वजनाने खालच्या पाच तडकलेल्या, पेपरची शाई बारीक चिरांमध्ये उतरून काळे डाग. नणंद तोवर गेली होती. ते दोन कप आजही माझ्याकडे आहेत आणि मी ते वापरू शकत नाही.

तर जे ठेवाल ते नीट ठेवा. ताटल्यांच्या मध्ये जुन्या सुती साडीचे तुकडे घाला, कारण बुडाची कड बिनचकाकीची असते आणि खालच्या ताटलीला ओरखडे पाडते. हलवताना ताटल्या आडव्या रचायच्या नाहीत, खोक्यात उभ्या ठेवायच्या, कप एकात एक घालायचे नाहीत. धुताना सिंकमध्ये नाही, प्लॅस्टिकच्या टबात, तळाला पंचा टाकून, कोमट पाण्यात, मऊ स्पंजने, हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढून. चहाच्या डागाला खाण्याचा सोडा ओला करून बोटाने चोळा, सोनेरी काठ सोडून. ब्लीच कधीही नाही. कपावर नखाने टिचकी मारा, घंटेसारखा स्वच्छ आवाज आला तर चांगला, भद्द आला तर कुठेतरी तडा आहे, त्यात गरम चहा ओतू नका.

एक काळजीची गोष्ट. जुन्या चकाकीत आणि वरून रंगवलेल्या फुलांमध्ये शिसं, कॅडमियम असू शकतं, डोळ्यांना ते कळत नाही. कोरडं खायला, थोडे दिवस किंवा कधीतरी जेवायला ठीक, पण लोणचं, सोलकढी, लिंबाचं सरबत, टोमॅटोचं सार असं आंबट त्यात ठेवून देऊ नका, आणि लहान मुलांना रोज त्यातून देऊ नका. चकाकीला बारीक जाळं पडलेलं असेल तर तो नग खाण्यासाठी बंद, त्यात मोगऱ्याची फुलं ठेवा.

तोटी फुटलेली किटली टाकू नका लगेच. तुकडा असेल तर चिकटवता येतो, फक्त फेविक्विकने नको, गरम पाण्याने ते सुटतं आणि कडा खराब होऊन नंतर नीट दुरुस्ती करणं अवघड होतं. आम्ही लोक पॅरालॉइड बी-७२ नावाचं ॲक्रिलिक वापरतो, अ‍ॅसिटोनने परत सोडवता येतं म्हणून. पण कशानेही जोडली तरी ती शोभेची, चहाची नाही. जपानी किंत्सुगीचे, म्हणजे फुटलेलं भांडं लाखेने जोडून सांध्यावर सोनेरी रेघ काढायचे, किट ऑनलाइन मिळतात, त्यात खऱ्या उरुशी लाखेऐवजी बहुतेक वेळा इपॉक्सी असतं, त्यामुळे त्याने जोडलेल्या भांड्यातूनही खाऊपिऊ नका.

जे फुटकंच आहे, कान नसलेले कप, टवके उडालेल्या बश्या, त्याला घरात ठेवायचा अट्टहास नको, तडा गेलेलं भांडं वापरू नये असं आपल्या आज्या म्हणायच्या ते चिरेत घाण अडकते म्हणून बरोबरच होतं. कचऱ्यात टाकताना जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात काच असं लिहा, सफाईवाल्यांचे हात कापतात. आणि तुम्ही गावाकडच्या घराच्या गच्चीचं काम काढलंय असं लिहिलंय, तर तिथल्या मिस्त्रीला विचारा चायना मोझॅक करतो का. जुन्या गच्च्यांवर चिनीमातीचे तुकडे बसवायचे, पाणी मुरत नाही आणि ऊन परावर्तित होतं. आईच्या फुटक्या बश्या त्यात जातील.

बरण्यांचं मात्र विचारूच नका, त्या ठेवा. पिवळ्या-तपकिरी जाड बरण्या बऱ्याचदा सौराष्ट्रातल्या थानगढ-मोरबीकडच्या असतात, तिथे हा धंदा उभा करणाऱ्यांत परशुराम गणपुले नावाचा मराठी माणूस होता. आतून चकाकी धड असेल, तडा नसेल, जाळं नसेल आणि चकाकीत शिसं नसल्याची खात्री करून घेतली असेल, तर एप्रिल-मेमध्ये कैऱ्या येतील तेव्हा बरणी कडकडीत उन्हात दोन दिवस वाळवा, आतून हिंगाची धुरी द्या, आईच्या प्रमाणाने लोणचं घाला आणि वर दादरा, म्हणजे तोंडावरचं फडकं, बांधा. आईचं प्रमाण कुणाकडे लिहिलेलं नसेल तर त्या कामाच्या मावशींना विचारा, त्यांना माहीत असेल.